शनवारी उचललेला फोन

आपण मागितलेलं वर पोचतंय का न्हाय, ह्येच मला लई दिवस कळत न्हवतं. लगीन होऊन मंगळवार पेठेत आलो तवापास्नं मी दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांच्या प्रार्थनेला जायचो, डोळं मिटायचो, सगळ्याजणी मागतील ते मागायचो, आन पोटात भीती घेऊन गेलतो तीच भीती घेऊन परत घरला यायचो. भीती कशाची म्हणाल तर सगळ्याचीच. आमचं मालक कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत भट्टीफुडं कामाला, ते घरात पाऊल टाकूस्तवर भीती. पोरगं अंगावर पीत व्हतं, वर्साचं बी न्हवतं, ते नुसतं शिंकलं तरी माझ्या काळजात धस्स. माहेर उचगावला, जवळच, पर आई वारलेली. सासू गावाकडं. शिकलो सातवीपतोर. मला वाटायचं, देवाला लई मोठमोठी कामं असत्यात, माझं बारीकसारीक त्येच्या कानावर कवा जायचं?

मोठी कामं म्हंजे इस्राएल. आमच्या मंडळातल्या सुमनताईंचा नेमच व्हता, सभा उठायच्या आधी यरुशलेमाच्या शांतीसाठी मागायचंच मागायचं. त्यांच्या घरात भिंतीवर त्या देशाचा नकाशा लावलेला, त्येच्याकडं तोंड करून आमी बसायचो. मी बी मोठ्यांदा म्हणायचो, देवबापा, तुझ्या निवडलेल्या लोकांना सांभाळ. तोंडपाठच झालतं. पर खरं सांगतो, ती माणसं मला शास्त्रातलीच वाटायची, मोशेच्या मागनं समुद्रातनं चाललेली. ती अजून जित्ती हायत, त्यांच्या बी पोरांना ताप येतो, त्यांची बी आमटी करपती, असं माझ्या डोक्यात कवा आलंच न्हाय.

आन ती माझ्या भिंतीला भिंत लावून ऱ्हात व्हती की!

शेजारच्या मोझेलबाई. पोरींच्या शाळंत शिवण शिकवून रिटायर झालेल्या, मूळच्या अलिबागकडच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी कोल्हापुरात आल्या आन तो गेल्यावर हितंच ऱ्हायल्या. एकुलती लेक रीना लगीन करून परदेशात गेलेली. घरात गणपती न्हाय, नवऱ्याचं नाव डॅनियल, म्हणून सगळी पेठ त्यांना ख्रिश्चनच समजायची, आन मी बी. नाताळाला मी करंज्यांचं ताट घेऊन गेलो आन विचारलं, "बाई, तुमी कुठल्या चर्चला जाता?" तर म्हणल्या, "आम्ही चर्चला जात नाही गं. आम्ही ज्यू." मला ज्यू म्हंजे काय तेच ठाऊक न्हाय. मग त्यांनी सांगितलं, तुमच्या शास्त्रात यहुदी म्हणतात ना, ते आम्ही. करंजी घेतली, खाल्ली, म्हणल्या, "सारण छान झालंय. पण तू 'गेलो', 'आलो' काय म्हणतेस गं? बाईमाणूस ना तू?" मी म्हणलं, "आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलत्यात बाई." तवापास्नं त्या मला चिडवायच्या, "आले का पाटील?"

मी हे मंडळात सांगितलं तर सुमनताईंना झोप लागंना. दुसऱ्याच दिवशी माझ्यासंगट बाईंच्या दारात. आत गेल्या त्या बाईंचं पायच धरायला वाकल्या. "तुमी निवडलेल्या लोकांतल्या! आमी तुमच्यासाठी दर शुक्रवारी मागतो!" बाई दोन पावलं मागं सरल्या, म्हणल्या, "अहो उठा, पाय कसले धरता, गुडघे दुखतात माझे." मग ताईंनी पिशवीतनं येशूच्या तारणाची पत्रकं काढली. बाईंनी चष्मा वर करून बघितलं. "ठेवा तिथं टेबलावर. वाचायला माझ्याकडं भरपूर आहे. चहात साखर किती घालू?" परत येताना ताई म्हणल्या, "मन कठीण हाय, पर प्रभू मऊ करंल." 

त्यांचं सगळं मी भिंतीआडनं बघायचो. दाराच्या चौकटीला एक बारकी तिरकी नळी ठोकलेली, आत त्यांच्या शास्त्रातलं वचन, येता-जाता तिला बोटं लावून ती बोटं ओठाला लावायच्या. शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी डोक्यावर पदर घेऊन तेलाचा दिवा लावायच्या, दोन्ही हातांनी डोळं झाकायच्या, आन मग शनवार मावळून चांदण्या दिसूस्तवर त्यांचं सगळं बंद, शनवार त्यांचा देवाचा वार. चूल न्हाय, बटण न्हाय, पैशाला हात न्हाय, रिक्षा न्हाय, फोन न्हाय. आमच्या वळीत फोन तेवढा त्यांच्याकडंच व्हता, पर शनवारी तो वाजून वाजून बंद व्हायचा. गंमत ही की तिकडं इस्राएलात गेलेली लेक मातर शनवार पाळायची न्हाय. बाई चिडायच्या. "मी इथं कोल्हापुरात बसून पाळते, आणि ही तिथं राहून शनिवारची कपडे धुते! वर मलाच फोन करते!"

तर त्या शुक्रवारी आमच्या सभेत सुमनताईंनी सांगितलं, टीव्हीवर दाखवलंय, तिकडं एका गावात बस उडवली, माणसं मेली. गावाचं नाव सांगितलं. समुद्राकाठचं गाव. आमी सगळ्यांनी लई मागितलं, दोघी-तिघी रडल्या बी, मी बी जोरात आमेन म्हणलं. आन चालत घरला येताना मधीच माझ्या ध्यानात आलं, ह्या गावाचं नाव मी बाईंच्या तोंडातनं ऐकलंय. रीना तिथंच असती.

मी तशीच त्यांच्या दारात गेलो. बाई उभ्याउभ्याच फोन फिरवत हुत्या. लाईन लागत न्हवती. परत फिरवायच्या, परत ठेवायच्या. खिडकीतनं ऊन भिंतीवर चढत चाललेलं, त्याच्याकडं बघायच्या आन परत फिरवायच्या. शेवटी रिसीव्हर ठेवला, पदर डोक्यावर घेतला आन दिवा लावायला गेल्या. दिवस मावळत आलता. मी म्हणलं, "बाई, आज आमी तुमच्या लोकांसाठी लई मागितलं." त्या वळल्या. राग न्हवता तोंडावर. म्हणल्या, "बरं केलंत. रीनाचं नाव घेतलंत?"

मला नाव ठाऊक व्हतं की! लेकीचा फोटू कितींदा बघितलेला, तिच्या लग्नातल्या मेंदीची गोष्ट ऐकलेली. पर प्रार्थनेत ते नाव घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं न्हाय. मी खाली मान घालून म्हणलं, "सगळ्यांसाठीच मागितलं." बाई म्हणल्या, "सगळ्यांसाठी मागायला सोपं जातं गं." आन डोळ्यांवर हात घेऊन उभ्या ऱ्हायल्या. मी हळूच निघून आलो. पोराला पाजताना मी पैल्यांदा ते नाव देवाफुडं घेतलं. रीना. नुसतं तेवढंच, फुडं काय जोडायचं ते येत न्हवतं.

शनवारी सकाळपास्नं पोराचं अंग कोमट व्हतं. मालक फस्ट शिफ्टला गेलेलं. थंडीचं दिवस, म्हणून मी त्याला स्वेटर घातला, टोपी घातली, वरनं शाल गुंडाळली, आईनं मला तसंच केलेलं आठवत व्हतं. दुपार व्हायला आली तसं अंग चुलीवानी तापलं. आन मग त्यानं डोळं वर फिरवलं. हातपाय ताठ झालं, झटकं द्यायला लागलं, ओठ निळं पडलं, मी नाव घेऊन हाका मारतोय तर ते माझ्याकडं बघंच ना. मी किंचाळलो. घरमालकीण धावत आली आन वरडायला लागली, "कांदा हुंगवा! चप्पल हुंगवा त्येला!" मी पोराला छातीला धरलं आन तशीच अनवाणी बाईंच्या दाराकडं पळालो.

आन उंबऱ्याशी माझं पाय थांबलं.

आता ह्ये कसं सांगू. ल्हानपणी रविवारच्या शाळंत आमास्नी चित्रं दाखवायचे. वाळलेल्या हाताचा माणूस मधी उभा, प्रभू त्येला बरं करतोय, आन कडंला दाढीवाली, कपाळाला आठ्या घातलेली माणसं बोटं दाखवत्यात, शनवार हाय, शनवारी बरं करायचं न्हाय म्हणून चिडल्यात. मास्तरीणबाई सांगायच्या, बगा हे यहुदी, माणूस मेला तरी चालंल पर शनवार मोडू देत न्हाईत. ते चित्र माझ्या डोक्यात लहानपणापास्नं चिकटून बसलं व्हतं, मला ठाऊक बी न्हवतं ते तिथं हाय म्हणून. त्या उंबऱ्यावर ते बरोबर माझ्या डोळ्याफुडं आलं. वर त्यांच्या स्वतःच्या लेकीचा जीव तिकडं काय झालाय कुणास ठाऊक. पोरगं हातात झटकं खातंय, आन मी काय म्हणलं असंल? मी म्हणलं, "बाई, आज शनवार हाय न्हवं? तुमास्नी चालंल का?"

बाई खुर्चीतनं उठल्या त्या माझ्या अंगावरच आल्या. "मेले, विचारत काय बसलीस! आण ते पोर इकडं!" हातातनं घेतलं, सतरंजीवर कुशीवर झोपवलं, शाल काढली, स्वेटर काढला, टोपी काढली, सगळं उघडं केलं. घरमालकीण कांदा घेऊन आलती, तिला म्हणल्या, "तो कांदा भाजीत घाला आणि मला ओला पंचा द्या." आन मग, कालपास्नं ज्या फोनला हात लावला न्हवता तो फोन उचलला आन दवाखान्यात डॉक्टरांना म्हणल्या, "पोराला झटके येतायत, घेऊन येतेय, मी पोचल्याशिवाय जाऊ नका." शनवारी डॉक्टर दुपारी लवकर जायचे. मग आपली चप्पल पायात, त्यांचीच दुसरी चप्पल माझ्या पायाफुडं सरकवली, कोपऱ्यावरची रिक्षा थांबवली. रिक्षात झटकं थांबलं, पर पोरगं ढिल्लं पडलं, आन मला वाटलं गेलंच. मी येशू येशू एवढंच म्हणत व्हतो. बाई ओल्या पंचानं त्याचं अंग पुसत हुत्या आन त्यांच्या भाषेत काय काय पुटपुटत हुत्या. रिक्षावाल्याला त्यांनी बटव्यातनं पैसे काढून दिलं. शनवारी. मी बघितलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, औषध दिलं, म्हणले, तापात बारक्या पोरांना असं व्हतं, गुंडाळत जाऊ नका, ताप वाढतो. पोरगं तासाभरात रडायला लागलं, असं रडायला लागलं की बाहेरच्या पेशंटांनी कानाला हात लावलं, आन मी हसत व्हतो. मग बाकड्यावर बाईंच्या शेजारी बसलो आन म्हणलं, "बाई, माझ्यापायी तुमचा शनवार मोडला."

"मोडला नाही. पाळला," बाई म्हणल्या. "जीव जात असेल तेव्हा शनिवार आड येत नाही, आमच्यात तसाच नियम आहे. माझे वडील सांगायचे, अशा वेळी विचारत बसू नये, विचारण्यात उशीर होतो." मग माझ्याकडं बघून म्हणल्या, "तुला कोणी वेगळं शिकवलंय वाटतं." मी मान हलवली. त्या चित्राचं मी त्यांना सांगितलं, दाढ्यांचं, बोटांचं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणल्या, "माझ्या वडिलांना दाढी होती. बोटं मात्र शिलाई मशीनवर असायची सारखी." आन पोराच्या पायावर हात फिरवत बसल्या.

मला ऱ्हावलं न्हाय. मी म्हणलं, "बाई, फोन तुमच्या हातात व्हता की. तवाच लेकीला का न्हाय लावला?" बाईंनी ओला पंचा घडी घालून मांडीवर ठेवला. मग म्हणल्या, "तुझ्या पोराचा जीव होता. माझी ती काळजी आहे. मी फोन केल्यानं तिकडं काही बदलणार नाही, जे झालं असेल ते झालेलंच आहे. फक्त माझा जीव थंड होईल. तेवढ्यासाठी हा दिवस मोडायचा नाही. आज एक दिवस ती त्याच्या हातात." वर बोट दाखवलं न्हाय, आवाज केला न्हाय. पर गुडघ्यावरचा हात त्यांनी दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

येताना मातर त्या रिक्षात बसल्या न्हाईत. "आता घाई कसली? तू जा, मी चालत येते." मी म्हणलं, मी बी चालतो. पोराला खांद्यावर घेऊन आमी दोघी चालत आलो, त्यांचं गुडघं दुखत हुतं म्हणून हळूहळू. घरला आल्यावर मी माझ्या खोलीत गेलोच न्हाय. त्यांच्याच घरात सतरंजीवर पोराला निजवलं आन बसलो. बाईंनी दाविदाचं स्तोत्र म्हणायला घेतलं, पुस्तक न बघता. भाषा मला कळंना, पर ते आमचंच स्तोत्र असणार ह्ये कळलं, आमी बी तीच म्हणतो न्हवं. मला बी मागायचं व्हतं. आमच्यात मागणं प्रभूच्या नावातच करायचं असतं, आन मी तसंच केलं, खोटं कशाला सांगू. पर मनातल्या मनात केलं. घर त्यांचं, लेक त्यांची, तर मोठ्यांदा मागणं त्यांचं असू दे, माझं बारीक आवाजात त्येच्या मागनं जाऊ दे. मी मागितलं रीनासाठी, नाव घेऊन. त्या बसमधल्यांसाठी. आन काय की, त्या लढाईत पलीकडच्या बाजूच्या आयांसाठी बी मागितलं, त्यांच्या मांडीवर बी पोरं असतीलच की. बाईंचं म्हणून झालं, शेवटाला त्या म्हणल्या, आमेन. माझ्या तोंडातनं बी त्याच टायमाला आमेन आलं. दोघी एकमेकींकडं बघतच ऱ्हायलो. तेवढा एक शब्द आमच्या दोघींच्या घरात सारखाच व्हता.

आन फोन वाजला.

बाई बसल्या जागी ताठ झाल्या. फोन वाजतोय. हात गुडघ्यावर. मला वाटलं उठतील. उठल्या न्हाईत. मग वाटलं, मला सांगतील उचल म्हणून. सांगितलं बी न्हाय, नुसतं फोनकडं बघत हुत्या, डोळ्यात पाणी आलेलं. तवा मला कळलं, स्वतः उचलायचा न्हाय तसं दुसऱ्याला उचल म्हणायचं बी न्हाय त्यांना. सांगता येत न्हाय म्हणून सांगत न्हाईत. पर माझा शनवार न्हवता की! मला कुणाचं बंधन? मी उठलो. फोनवर काय ऐकायला मिळंल कुणाला ठाऊक, आन ते ऐकून बाईंना सांगायचं मलाच. मी उचलला.

"हॅलो? आई?" बायकी आवाज, लांबनं, खरखरीत.

मला एका दमात सगळंच आलं. "मी शेजारची, बाई हायत, बऱ्या हायत, हितंच बसल्यात, तुमी रीनाताई का? तुमी बऱ्या हाईसा न्हवं?"

"हो हो, मी रीना! आम्ही सगळे ठीक आहोत, पोरंसुद्धा ठीक आहेत! कालपासून लाईनच लागत नाहीये! आईला सांगा!" एवढ्या मोठ्यांदा वरडत हुत्या की सगळ्या खोलीला ऐकू येत व्हतं. मी रिसीव्हर बाईंच्या दिशेला धरला. बाईंनी डोळं मिटलं, ओठ हललं, गालावरनं पाणी खाली आलं, ते पुसलं बी न्हाय.  आन मग डोळं मिटूनच मला म्हणल्या,

"तिला विचार, आज शनिवार आहे, हे तिला माहीत आहे का?"

तिकडनं ऐकू गेलं असणार. रीनाताई हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, मी बी रडतोय, आन त्या गोंधळानं पोरगं उठून भोकाड पसरलं. बाई म्हणल्या, "त्याचं अंग बघ आधी." बघितलं. गार व्हतं.

मी ह्येच्यावर लई इचार केला. कुणी म्हणंल, पोराचा ताप तसा बी उतरला असता, रीनाताई तशा बी बऱ्याच हुत्या. असंल. मला वाद घालायला येत न्हाय. मला एवढंच ठाऊक हाय की त्या दिवशी देवानं मला ज्या दारात नेलं त्या दाराला मी भ्यालतो, आन तेच दार सगळ्यात आधी उघडलं. देवावर सोपवणं म्हंजे हात बांधून बसणं, असं मला वाटायचं. म्हणून तर मला ते जमत न्हवतं, माझं हात सारखं कायतरी धरायला धडपडायचं. बाईंनी एकाच दिवसात मला दोन्ही दाखवलं. माझ्या पोरासाठी हात चालवला, एक क्षण थांबल्या न्हाईत. स्वतःच्या लेकीसाठी तोच हात आवरून धरला. कुठं चालवायचा आन कुठं आवरायचा, ह्येच सोपवणं असंल. मला अजून पुरतं येत न्हाय. पर पोराला ताप आला की मी आधी स्वेटर काढतो, औषध देतो, आन मग म्हणतो, आता हा तुझ्या हातात.

फुडच्या शुक्रवारी सभेत सुमनताई नकाशाकडं तोंड करून म्हणल्या, आता निवडलेल्या लोकांसाठी मागू. मी म्हणलं, ताई, आज मी मागतो. मोझेलबाईंसाठी, त्यांच्या गुडघ्यांसाठी मागितलं, रीनाताई, त्यांची पोरं, सगळ्यांची नावं घेतली. ताईंनी डोळं उघडून माझ्याकडं बघितलं. मग सभा सुटल्यावर हळूच म्हणल्या, "गुडघ्यांना माझ्याकडं तेल हाय, चांगलं हाय, नेऊन देतीस का?" म्हणलं, "तुमीच चला की. पर पत्रकं घरातच ठेवा." ताई आल्या. तेल घेऊन आल्या, बाकी पिशवी रिकामीच व्हती.

दोन-चार वर्सांनी रीनाताई येऊन बाईंना घेऊन गेल्या. जाताना बाईंनी चौकटीवरची नळी काढून बरोबर नेली, तिथं स्क्रूची दोन भोकं ऱ्हायलीत. फोन त्यांनी आमच्या नावावर करून दिला. आता आमच्या घरात वाजतो. बाई शनवारी करणार न्हाईत, म्हणून रविवारी करत्यात, आन आमी नेमकं चर्चला निघायच्या गडबडीत असतो, पोराच्या पायात एक बूट, एक हातात. दर बारीला पैला सवाल त्योच.

"पाटील, आज तुमचा वार ना? मग नंतर करू का?"

"न्हाय बाई, बोला तुमी," मी म्हणतो. "फोन मी उचललाय."